मेलेला मतदार, दुकानातला चाकू आणि कायद्याचे शब्द

अनुस्वार (धागाकर्ती)

नमस्कार. मी रेडिंगला राहते आणि नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात इंग्लंडच्या कायद्याचा अभ्यास करते आहे. गेले दोन आठवडे, कायद्यातील शब्दांचा अर्थ न्यायाधीश कसा लावतात हा विषय चालू आहे आणि जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे, म्हणून हा धागा काढते.

पाठ्यपुस्तकानुसार नियम तीन आहेत. पहिला शब्दार्थाचा, म्हणजे शब्द स्पष्ट असतील तर परिणाम कितीही विचित्र निघो, शब्दच पाळायचे. दुसऱ्याला इथे 'सुवर्णनियम' म्हणतात. शब्दशः वाचल्याने हास्यास्पद परिणाम होत असेल तर तेवढ्यापुरता अर्थ वाकवायचा. तिसरा दोषनिवारणाचा, म्हणजे कायदा कोणता दोष दूर करण्यासाठी केला गेला ते पाहून अर्थ लावायचा.

आता दोन खटले पाहा. १८६८ च्या 'व्हाइटली विरुद्ध चॅपेल'मध्ये गरिबांच्या व्यवस्थेसाठी असलेल्या पालक मंडळाच्या निवडणुकीत एकाने मृत माणसाच्या नावाने मतदान केले. 'मत देण्याचा हक्क असलेल्या व्यक्तीचे' सोंग घेणे हा गुन्हा होता. न्यायालय म्हणाले की मेलेल्या माणसाला मत देण्याचा हक्कच नसतो, सबब आरोपी सुटला. चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, ॲलन नावाच्या गृहस्थाने पत्नी हयात असताना दुसरा विवाह केला. १८६१ च्या कायद्यात 'विवाहित असताना जो दुसऱ्या व्यक्तीशी विवाह करील' असे शब्द होते. त्याचा बचाव असा की नात्यामुळे दुसरा विवाह मुळातच रद्दबातल होता, त्यामुळे आपण 'विवाह' केलाच नाही. इथे मात्र न्यायालयाने 'विवाह करील' म्हणजे 'विवाहाचा विधी पार पाडील' असा अर्थ घेऊन त्याला दोषी ठरवले.

एकाच काळात एकाला शब्द तारतो आणि दुसऱ्याला शब्दच बुडवतो, हे कसे? न्यायाधीश आधी निकाल ठरवतात आणि मग त्याला शोभेल असा नियम खिशातून काढतात, असा माझा समज होऊ लागला आहे. जाणकारांनी कृपया तो खोडून काढावा, किंवा पक्का करावा.

पोहेकाका

मृत मतदारांचा प्रश्न इंग्लंडमध्ये १८६८ सालीच न्यायालयात गेला होता हे वाचून, आपल्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीबद्दलचा माझा न्यूनगंड पुष्कळ कमी झाला.

गोदाकाठ

अनुस्वारताई, मी नाशिकला दिवाणी बाजूची वकिली करते. तुमच्या समजात थोडे तथ्य असले तरी तो पक्का करण्याची घाई नको. तीन नियम तीन वेगळ्या काळांतून आलेले आहेत, हे पाठ्यपुस्तके पुरेसे सांगत नाहीत. दोषनिवारणाचा नियम सर्वांत जुना, १५८४ च्या हेडन खटल्यातला. तिथे न्यायाधीशांनी चार गोष्टी विचारायला सांगितल्या: हा कायदा होण्यापूर्वी स्थिती काय होती, त्या स्थितीत कोणता दोष राहिला होता, पार्लमेंटने त्यावर कोणता उपाय योजला आणि त्या उपायामागचे खरे कारण काय. मग दोष दबेल आणि उपाय पुढे सरकेल असा अर्थ न्यायाधीशाने करायचा. त्या काळी अधिनियम थोडे होते आणि त्यांच्या आरंभी लांबलचक प्रस्तावना असत, त्यामुळे दोष शोधायला फार लांब जावे लागत नसे.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदलले. पार्लमेंटचे प्रभुत्व पक्के झाले, मसुदे बारकाईने लिहिले जाऊ लागले आणि 'त्यांनी लिहिले तेवढेच आम्ही वाचणार' ही वृत्ती बळावली. १८४४ चा ससेक्स सरदारकीचा खटला तिचा नमुना आहे. १८९२ मध्ये लॉर्ड ईशर यांनी तर शब्द स्पष्ट असतील तर परिणाम उघडउघड हास्यास्पद असला तरी ते पाळावेच लागतात, अशा अर्थाचे विधान केले. सुवर्णनियम, विशेषतः लॉर्ड वेन्सलीडेल यांनी १८५७ मध्ये सांगितला तसा, या ताठरपणावरचा उतारा होता. तुमचे दोन्ही खटले याच ताणातले आहेत, शिवाय दोन्ही फौजदारी आहेत. दंडाच्या कायद्यात संशयाचा फायदा आरोपीला, हे तत्त्व तिथे वेगळे काम करत असते.

आमच्याकडेही हेडन जिवंत आहे. १९५५ च्या 'बंगाल इम्युनिटी' खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या चार प्रश्नांचा आधार घेतला, आणि आजही युक्तिवादात ते ऐकू येतात.

भुसावळ_यार्ड

वकील मंडळींमध्ये बोलायचा अधिकार नाही, पण एका खटल्याबद्दल राहवत नाही. रेल्वेत चौतीस वर्षे काढल्यावर मुलाकडे मँचेस्टरला आलो, तेव्हा वाचनालयात वाचला होता. १९४६ चा, बेरीमन नावाच्या रेल्वे कामगाराच्या विधवेचा. तो रुळांच्या सांध्यांना तेल देत असताना गाडीखाली सापडून गेला. नियम असा होता की रूळ 'पुन्हा घालण्याचे किंवा दुरुस्तीचे' काम चालू असताना येणाऱ्या गाडीची सूचना देणारा माणूस उभा केला पाहिजे. तो केलेला नव्हता. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हटले की तेल देणे ही देखभाल आहे, दुरुस्ती नव्हे, आणि बाईंना त्या आधारावर भरपाई मिळाली नाही.

सांध्यात तेल घालणारा माणूस वाकलेला असतो आणि त्याचे लक्ष हातातल्या कामात असते. गाडीला त्याचे काम देखभालीत मोडते की दुरुस्तीत हे ठाऊक नसते. ज्या धोक्यासाठी नियम केला तो धोका दोन्हीकडे तोच आहे. हेडनचे चार प्रश्न त्या दिवशी कुठे गेले होते?

टेम्सकाठी

भुसावळकर काका, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि आज तो खटला तसाच सुटेल असे मला वाटत नाही. मी लंडनमध्ये सॉलिसिटर आहे. अनुस्वार यांना एकच सांगेन, की परीक्षेपुरते तीन नियम लक्षात ठेवा, पण आजच्या निकालपत्रांत ते शोधू नका. 'आता आम्ही सुवर्णनियम लावतो' असे लिहिणारा न्यायाधीश मला तरी भेटलेला नाही.

आजची रीत समजून घ्यायची असेल तर २०२२ च्या फेब्रुवारीतला 'ओ' नावाने ओळखला जाणारा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. इथल्या बऱ्याच मराठी घरांशीही त्याचा संबंध आहे. मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करण्याचे शुल्क १,०१२ पौंड होते आणि नोंदणीचा प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच कमी होता. नागरिकत्वाचा हक्क ज्या अधिनियमाने दिला तो हक्कच इतक्या शुल्काने पोकळ होतो, तेव्हा २०१४ च्या कायद्याने गृहमंत्र्यांना असे शुल्क ठरवण्याचा अधिकार दिला आहे असे वाचता येणार नाही, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्ती लॉर्ड हॉज यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की पार्लमेंटने वापरलेले शब्द हेच अर्थाचे मुख्य साधन आहे. ते शब्द कलमाच्या, त्या भागाच्या आणि सबंध अधिनियमाच्या संदर्भात वाचायचे. बाहेरची साधने, म्हणजे स्पष्टीकरणात्मक टिपणे किंवा आयोगांचे अहवाल, पार्श्वभूमी आणि हेतू समजायला मदत करतात, पण स्पष्ट शब्दांना हटवू शकत नाहीत. 'पार्लमेंटचा हेतू' म्हणजे कोणा मंत्र्याच्या किंवा सभासदाच्या मनातले नव्हे, तर त्या शब्दांना वाजवीपणे जो हेतू चिकटवता येतो तो.

चहा_कमी_साखर

ते शुल्क मी भरले आहे, दोनदा. निकाल कळला तेव्हा शब्दार्थाच्या नियमाविषयी माझे जे मत झाले ते या संस्थळाच्या धोरणात बसणार नाही.

टेम्सकाठी

मान्य. मात्र न्यायालयाने तिथे हेही सांगितले की शुल्क योग्य की अयोग्य हा राजकीय निर्णय आहे, आमचा नव्हे. त्याच वर्षी पुढे, ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी शुल्कमाफीची सोय झाली, ती नियम बदलून.

रिकामा_रकाना

शब्दाला चिकटून राहण्यात वाईट काय आहे, हेच मला कळत नाही. मी अभियंता आहे. नकाशावर १२ मिलिमीटर लिहिले असेल तर वास्तुविशारदाचा हेतू १४ चा होता असे म्हणत कोणी गज बसवत नाही. नागरिकाने कायदा विकत घेऊन वाचला तर त्याला त्यावर विसंबून राहता आले पाहिजे. न्यायाधीशाच्या मनात पुढे कोणता हेतू उगवेल याचा अंदाज घेत जगायचे का? टेम्सकाठी यांनी सांगितलेल्या निकालात न्यायालयाने हेच म्हटलेले दिसते.

गोदाकाठ

म्हटले आहे खरे; लॉर्ड निकोल्स यांचे आधीचे वचन त्यात उद्धृत केले आहे, की नागरिकाला अधिनियमात जे वाचायला मिळते त्यावर विसंबता आले पाहिजे. परंतु नकाशावरचा आकडा आणि भाषेतला शब्द यांत फरक आहे. आकड्याला संदर्भ लागत नाही. 'पान आण' या दोन शब्दांचा अर्थ जेवणाच्या पंगतीत, टपरीसमोर आणि पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानात वेगळा होतो, आणि तिन्ही ठिकाणी आपण शब्दालाच चिकटून असतो.

लेखणीबहाद्दर

संदर्भच काय, विरामचिन्हसुद्धा. राघोबादादांच्या पत्रात 'ध'चा 'मा' झाला आणि नारायणराव पेशवे गेले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इंग्लंडमध्ये आयरिश बंडखोर रॉजर केसमेंट स्वल्पविरामावर फाशी गेला असे म्हणतात. १३५१ चा राजद्रोहाचा कायदा नॉर्मन फ्रेंचमध्ये होता. राजाच्या शत्रूंना 'राज्यात' सामील होऊन त्यांना 'राज्यात किंवा अन्यत्र' साहाय्य देणे, अशी त्याची रचना. केसमेंटने जे केले ते पहिल्या महायुद्धात, जर्मनीत, आयरिश युद्धकैद्यांना फितवण्याचे. 'अन्यत्र' हा शब्द फक्त साहाय्याला जोडायचा की सामील होण्यालाही, यावर सगळे अवलंबून होते. न्यायमूर्ती डार्लिंग आणि ॲटकिन यांनी मूळ दस्तऐवज स्वतः जाऊन पाहिले. अपील फेटाळले गेले आणि ३ ऑगस्ट १९१६ रोजी पेंटनव्हिल तुरुंगात त्याला फाशी झाली.

दुपारची_वामकुक्षी

जुन्या अधिनियमांत स्वल्पविराम कोणाचा, पार्लमेंटचा की नकलून घेणाऱ्या कारकुनाचा, हेच कळत नाही. पंधरा वर्षे कागद नकलून काढलेल्या माणसाचे हे मत आहे.

अनुस्वार

सर्वांचे आभार. पण माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे. टेम्सकाठी म्हणतात की शब्द संदर्भात वाचायचे. ठीक. मग संदर्भ किती घ्यायचा हे कोण ठरवते? तिथेच न्यायाधीशाची मर्जी शिरत नाही का?

सावकाश

अनुस्वार, बराच वेळ वाचतो आहे, आता थोडे सविस्तर लिहितो. मी पूर्वी एका विद्यापीठात हा विषय शिकवत असे आणि दरवर्षी विद्यार्थ्यांना एक प्रयोग करायला लावत असे. तीन खटले घ्यायचे आणि निकाल कोणी दिला ते शेवटपर्यंत सांगायचे नाही.

पहिला 'स्मिथ विरुद्ध ह्यूज', १९६० चा. वेश्यांनी 'रस्त्यात किंवा सार्वजनिक ठिकाणी' गिऱ्हाईक हटकणे हा १९५९ च्या कायद्याने गुन्हा होता. बायका रस्त्यात नव्हत्या. सज्जात किंवा खिडकीमागे उभ्या राहून, काच वाजवून खालच्या पुरुषांना बोलावत होत्या. त्यांना दोषी ठरवले गेले. दुसरा त्याच वर्षी निकाली निघालेला 'फिशर विरुद्ध बेल'. ब्रिस्टलमधल्या एका दुकानदाराने खटक्याचा चाकू किमतीच्या चिठ्ठीसह काचेच्या खिडकीत मांडला. १९५९ च्याच दुसऱ्या कायद्याने असा चाकू 'विक्रीसाठी देऊ करणे' हा गुन्हा होता. तो सुटला. तिसरा १९६४ चा 'ॲडलर विरुद्ध जॉर्ज'. नॉरफकमधल्या मारम येथील हवाई दलाच्या तळात शिरून ॲडलरने पहारेकऱ्याच्या कामात अडथळा आणला. कायद्याचे शब्द होते, निषिद्ध ठिकाणाच्या 'आसपास'. त्याचे म्हणणे असे, की मी आसपास नव्हतोच, मी आत होतो! तो दोषी ठरला.

विद्यार्थी ठामपणे सांगत की पहिल्या न्यायाधीशाने दोषनिवारणाचा नियम लावला, दुसऱ्याने शब्दार्थाचा, तिसऱ्याने सुवर्ण. मग मी सांगत असे की तिन्ही निकाल एकाच माणसाचे आहेत, सरन्यायाधीश लॉर्ड पार्कर यांचे. वर्गात शांतता पसरे.

आता 'मर्जी' हे उत्तर सोपे आहे, पण निकाल नीट वाचले तर ते टिकत नाही. खिडकीतल्या बायकांच्या कायद्यात 'रस्त्यात हटकणे' असे होते. हटकणारी कुठे उभी असावी हे त्यात म्हटलेले नव्हते. हाक रस्त्यावर पोचली, रस्त्यावरच्या माणसाने ऐकली, तर हटकणे रस्त्यात झाले असे वाचायला शब्द आडवे येत नाहीत. चाकूच्या बाबतीत मात्र 'देऊ करणे' हा साधा बोलण्यातला शब्द नव्हता. कराराच्या कायद्यात त्याला 'प्रस्ताव' हा आधीपासून ठरलेला अर्थ आहे. दुकानात मांडलेली वस्तू म्हणजे गिऱ्हाइकाला प्रस्ताव करण्याचे आमंत्रण, प्रस्ताव नव्हे. शिवाय इतर अधिनियमांत पार्लमेंटने 'विक्रीसाठी देऊ करणे किंवा मांडणे' असे जोडशब्द वापरले होते. म्हणजे जेव्हा 'मांडणे' हवे असते तेव्हा ते कसे लिहायचे हे पार्लमेंटला ठाऊक आहे. ते इथे नाही, तेव्हा न्यायालयाने भरून काढायचे नाही. लॉर्ड पार्कर यांनी स्वतः कबूल केले की प्रथमदर्शनी हे हास्यास्पद वाटते. आणि 'आसपास'च्या बाबतीत त्यांनी 'मध्ये किंवा आसपास' असे वाचले, कारण त्या शब्दाला कायद्यात दुसरी कोणती वंशावळ नव्हती आणि उलट अर्थाला कसलेच प्रयोजन दिसत नव्हते.

म्हणून माझे मत असे की 'कोणता नियम?' हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला आहे. विचारायचे ते हे, की हा शब्द याआधी कुठेकुठे राहून आला आहे, आणि जे हवे होते ते लिहिण्याचा सोपा मार्ग लिहिणाऱ्याला उपलब्ध होता का. न्यायाधीशाची मर्जी पूर्णपणे जात नाही, पण ती या दोन प्रश्नांच्या कुंपणात राहते.

रिकामा_रकाना

चाकू बंद करायलाच तो कायदा केला आणि पहिल्याच वर्षी खिडकीत चाकू मांडणारा सुटला. तुमचे कुंपण मला पटले, पण बाहेर चाकू विकला जातच होता.

सावकाश

फार काळ नाही. १९६१ मध्ये पार्लमेंटने दुरुस्ती करून, विक्रीसाठी मांडणे आणि त्या हेतूने जवळ बाळगणे हेही गुन्ह्यात घातले. लॉर्ड सायमंड्स यांचे प्रसिद्ध वाक्य याच वृत्तीचे आहे. न्यायमूर्ती डेनिंग यांनी, कायद्यातली पोकळी न्यायाधीशाने भरावी असे लिहिले, तेव्हा अपिलात सायमंड्स यांनी ते, अर्थ लावण्याच्या झिरझिरीत वेषाखाली कायदे करण्याचे काम उघडउघड बळकावणे आहे, असे म्हटले. पोकळी दिसली तर उपाय दुरुस्तीच्या अधिनियमात आहे.

उघड लेखनचूक मात्र आज न्यायालय सुधारू शकते. २००० च्या 'इन्को युरोप' खटल्यापासून त्याच्या तीन अटी आहेत: तरतुदीचा हेतू नक्की असावा, मसुदाकाराच्या नजरचुकीने तो साधला गेला नाही हे नक्की असावे, आणि चूक लक्षात आली असती तर साधारण काय लिहिले असते हेही नक्की असावे.

दोन_भाषांच्या_मध्ये

मी कायद्यांचे मराठीत भाषांतर करण्याचे काम केले आहे, त्यामुळे एका मुद्द्यावर जीव अडकतो, तो म्हणजे याद्या. मराठीत आपण निर्धास्तपणे 'वगैरे' लिहितो. इंग्लंडमध्ये त्या 'वगैरे'वर खटला उभा राहतो. १८५३ च्या सट्टाविरोधी कायद्यात 'घर, कचेरी, खोली किंवा अन्य ठिकाण' असे शब्द होते. केम्प्टन पार्कच्या घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानावरचे सट्टेवाल्यांचे उघडे कुंपण 'अन्य ठिकाण' होते का? १८९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने नाही म्हटले, कारण आधीचे तिन्ही शब्द छपराखालचे आहेत आणि शेवटचा सामान्य शब्द आपल्या भावंडांच्या जातीचाच असायचा. तेव्हापासून मी 'किंवा अन्य' लिहिताना आधीच्या शब्दांकडे दोनदा पाहते. महाराष्ट्रात मराठी मजकूर आणि अधिकृत इंग्रजी पाठ यांत फरक निघाला की न्यायालयात सहसा इंग्रजी पाठ बघितला जातो, त्यामुळे माझी चूक झाकली जाते. मात्र त्यात समाधान नाही.

पोहेकाका

मग खाण्याच्या याद्यांचे काय? इंग्लंडमध्ये त्यावर फार जोरात खटले होतात असे ऐकले.

टेम्सकाठी

काका, तुमच्या आवडीचे दोन. केकवर व्हॅट शून्य, चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर पूर्ण. १९९१ मध्ये न्यायाधिकरणाने चॉकलेट लावलेला जाफा केक हा केकच ठरवला. एक निकष असा, की शिळा झाल्यावर केक कडक होतो आणि बिस्कीट मऊ पडते. जाफा केक कडक होतो. दुसरा प्रिंगल्स या खाऱ्या चकत्यांचा. त्यात बटाट्याचे पीठ सुमारे ४२ टक्के. 'बटाट्यापासून बनवलेले' असेल तर पूर्ण व्हॅट; ते शब्द त्याला लागू होतात का? २००९ मध्ये अपील न्यायालयाने होय म्हटले. हा साध्या माणसाच्या साध्या उत्तराचा प्रश्न आहे आणि त्यात फार तत्त्वज्ञान नको, असा न्यायमूर्ती जेकब यांचा सूर होता.

गोदाकाठ

अवांतर होते आहे, पण अकोल्याचा निकाल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विक्रीकर कायद्यात भाजीपाल्याला सूट होती. विड्याची पाने ही 'भाजी' आहेत का? १९६१ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, वनस्पतिशास्त्राचा अर्थ नव्हे तर बाजारात लोक ज्याला भाजी म्हणतात तो अर्थ घ्यायचा असे सांगून पानविक्रेत्याची सूट नाकारली. वाट इंग्रजी निकालांचीच, फक्त पान आमचे.

झुळूक

मग काळ बदलला तर? शब्दाला जुना अर्थ चिकटवून ठेवायचा, की नवी गोष्ट त्यात घ्यायची? मी भ्रूणशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हा प्रश्न मला जवळचा आहे. १९९० च्या कायद्यात 'भ्रूण' म्हणजे ज्यात फलन पूर्ण झाले आहे असा, अशी व्याख्या होती. नंतर केंद्रक बदलून, फलनाशिवायच भ्रूण तयार करता येऊ लागला. व्याख्येच्या शब्दांत तो बसत नव्हता.

सावकाश

२००३ चा क्विन्टाव्हॅलेचा खटला. हाउस ऑफ लॉर्ड्सने असा भ्रूण कायद्याच्या कक्षेत घेतला. लॉर्ड बिंगहॅम यांचे उदाहरण सुंदर आहे: कुत्र्यांविषयीचा कायदा मांजरांना लागू करता येणार नाही, पण कायदा झाला तेव्हा ज्यांना कुत्रा म्हणून ओळखत नव्हते आणि आज ओळखतात त्यांना तो लागू होईल. फलन हा त्या कायद्याचा गाभा नव्हता. मानवी भ्रूणाची निर्मिती आणि वापर नियंत्रणाखाली आणणे हा होता.

तरीही मर्यादा आहेच. २०२३ मध्ये, व्हॅटच्या सवलतीतल्या 'वृत्तपत्रे' या शब्दात डिजिटल आवृत्ती बसत नाही असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. शब्द 'सदैव बोलत असतो', म्हणजे बदलत्या काळालाही लागू होतो, हे मान्य, पण ती सवलत वस्तूंसाठी होती, सेवेसाठी नव्हे.

सौ_सुट्टीवर

शब्द नेहमी असा पुढे बोलतोच असे नाही. १८६७ च्या सुधारणा कायद्यात मताधिकार प्रत्येक 'मॅन'ला होता आणि पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंगही येते असे १८५० चा अधिनियम सांगत होता. मँचेस्टरच्या स्त्रियांनी नावे नोंदवण्याची मागणी केली. 'चोर्लटन विरुद्ध लिंग्ज'मध्ये न्यायालयाने स्त्रिया कायद्याने अपात्र आहेत असे ठरवून ती फेटाळली. साल १८६८. म्हणजे ज्या वर्षी मेलेला माणूस मतदार नाही असे ठरले, त्याच वर्षी जिवंत बाईही मतदार नाही असे ठरले.

रिकामा_रकाना

हे मला ठाऊक नव्हते. शब्दार्थाची माझी बाजू इथे शब्दार्थाने हरते आहे, कारण शब्द स्त्रियांच्या बाजूचेच होते.

लेखणीबहाद्दर

आणि याच्या उलट टोकाला १९४१ चा लिव्हरसिज खटला. युद्धकाळातल्या १८-ब या नियमाने गृहमंत्र्याला, 'विश्वास ठेवण्यास वाजवी कारण असेल' तर माणसाला स्थानबद्ध करता येत होते. बहुमताने सांगितले की मंत्र्याला तसे वाटले की पुरे. एकटे लॉर्ड ॲटकिन म्हणाले की 'कारण असेल' आणि 'कारण आहे असे वाटेल' हे एक नव्हे, आणि न्यायाधीश सरकारपेक्षाही जास्त सरकारधार्जिणे होत आहेत. हे तेच ॲटकिन, ज्यांनी केसमेंटच्या खटल्यात स्वल्पविराम शोधले होते. १९८० मध्ये लॉर्ड डिप्लॉक यांनी बहुमत चुकले होते असे मान्य केले. दरम्यान १९७६ मध्ये आणीबाणीतल्या, स्थानबद्धांच्या जबलपूर खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या बाजूने लिव्हरसिजचा आधार घेतला गेला होता. त्या बहुमतात पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल रद्द ठरवताना निकालपत्र लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव होते.

अनुस्वार

एक शंका. हे सगळे ओढाताणीचे अंदाज करण्यापेक्षा, सभागृहातली चर्चाच का वाचत नाहीत?

टेम्सकाठी

पुष्कळ काळ ती वाचायला बंदी होती. ती १९९२ च्या 'पेपर विरुद्ध हार्ट'मध्ये अंशतः उठली. मॅल्व्हर्न कॉलेजच्या शिक्षकांची मुले नेहमीच्या शुल्काच्या पाचव्या भागात शिकत होती. त्या सवलतीवर प्राप्तिकर किती? वर्गात जागा रिकामीच होती, तेव्हा मुलामागे वाढीव खर्च जवळपास नाही. सरासरी खर्च धरला तर मोठा. १९७६ च्या विधेयकावर बोलताना मंत्र्याने वाढीव खर्चाची बाजू घेतली होती. सात न्यायाधीशांपैकी सहांनी ती चर्चा वाचायला मान्यता दिली आणि शिक्षक जिंकले. अटी अशा: कायदा संदिग्ध किंवा हास्यास्पद परिणामाचा असावा, विधान मंत्र्याचे किंवा विधेयक मांडणाऱ्याचे असावे आणि ते निःसंदिग्ध असावे. लॉर्ड मॅके एकटे विरोधात होते. त्यांची भीती खर्चाची, कारण मग प्रत्येक वकिलाला चर्चेचे खंड चाळावे लागतील.

गोदाकाठ

त्या भीतीत मला तथ्य वाटते. शिवाय मंत्र्याने सभागृहात मुद्दाम एखादे वाक्य पेरून ठेवायचे आणि पुढे न्यायालयात ते कायद्याच्या शब्दांवर चढवायचे, हे कोणाला हवे आहे?

अनुस्वार

इतके सगळे वाचून मी 'व्हाइटली विरुद्ध चॅपेल'वर परत आले आणि सावकाश यांचे दोन प्रश्न त्याला विचारून पाहिले. 'हक्क असलेली व्यक्ती' याला दुसरी वंशावळ नव्हती, म्हणजे त्या बाजूने शब्द वाकवता आला असता. पण दुसरा प्रश्न, लिहिण्याचा सोपा मार्ग होता का? होता. मी काल शोधले: १८७२ च्या गुप्त मतदानाच्या कायद्यात, तोतया मतदाराच्या व्याख्येत, ज्याच्या नावाने मतपत्रिका मागितली ती व्यक्ती 'जिवंत असो, मृत असो वा काल्पनिक असो' असे शब्द आहेत. तो कायदा संसदीय आणि नगरपालिका निवडणुकांचा होता, पण तेच शब्द १९८३ च्या कायद्यातही उतरले आहेत. चारच वर्षांत तीन शब्दांनी पोकळी भरली. आता मला त्या खटल्यातल्या न्यायाधीशांचा राग येत नाही. ॲलनच्या खटल्यात मात्र असा मार्ग कोणता होता हे मला अजून सुचलेले नाही. 'विवाह करील'ऐवजी ते काय लिहिणार होते?

सावकाश

तिथे मार्ग नव्हताच, म्हणून तिथे अर्थ वाकला. विवाहित माणसाचा दुसरा विवाह कायद्याने कधीच वैध नसतो. 'वैध विवाह' असा अर्थ घेतला तर ते कलम कोणालाही, कधीही लागू झाले नसते. निबंधात हा फरक लिहा.

पोहेकाका

'काल्पनिक व्यक्ती' हे शब्द वाचून जरा दचकलो. या धाग्यावर जितक्यांनी मत दिले, त्यांतले टोपणनावाशिवाय कितीजण आहेत?